वाचकांचे प्रश्न : सायकल क्लबात जायचंय, पण...

गेल्या अंकात सायकल क्लब आणि गटाने काढायच्या राईड यांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत एकाच विषयाची बरीच होती, ती एकत्र केली आहेत. विदर्भात सायकलचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. सोयाबीन निघालेलं असतं, ऊन मवाळ असतं, सकाळी दहापर्यंत रस्त्यावर राहता येतं. उत्तरं त्याच दिवसांना धरून दिली आहेत.

प्रश्न : गिअरची सायकल घेऊन आठ महिने झाले. रोज एकटाच १५ किलोमीटर फिरतो. जिल्ह्याच्या गावातला क्लब रविवारी ५० किलोमीटरची राईड काढतो. मला झेपेल का? मागे पडलो तर हे लोक थांबतात का?
— शिक्षक, दारव्हा

झेपेल. दुसरा प्रश्न मात्र क्लबलाच विचारा, आणि पहिल्या राईडच्या आदल्या दिवशी विचारा. चार गोष्टी विचारायच्या : एकूण अंतर किती, सरासरी वेग किती, परत किती वाजता, आणि शेवटच्या माणसासोबत कोणी राहतं का. चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘प्रत्येकाने आपापलं बघायचं’ असं आलं, तर तो गट वाईट आहे असं नाही, पण तुमच्या पहिल्या राईडसाठी तो योग्य नाही. चांगल्या क्लबात सगळ्यांत मागे एक अनुभवी माणूस असतो. त्याला स्वीप म्हणतात. तो कोणालाही आपल्या मागे राहू देत नाही, आणि पुढचे लोक दर १५-२० किलोमीटरवर ठरलेल्या फाट्याला किंवा चहाच्या टपरीवर थांबून सगळे जमल्यावरच निघतात.

सरासरी वेगाच्या बाबतीत घोटाळा होतो. मोबाइलमधलं ॲप बहुतेकदा थांबलेला वेळ वगळून सरासरी दाखवतं. २० ची सरासरी म्हणजे ५० किलोमीटरला अडीच तास पायडल मारणं, त्यात दोन थांबे आणि एखादं पंक्चर धरलं की सव्वातीन ते साडेतीन तास होतात. घरी परतायची वेळ सांगताना हा दुसरा आकडा सांगा.

तयारीला चार आठवडे पुरतात. रोजचे १५ तसेच ठेवा, फक्त रविवारचं अंतर वाढवा : २२, २८, ३५, ४०. एकट्याने ४० जमले की गटात ५० जमतात, कारण पुढच्याच्या आडोशाने वारा कापला जातो. ताशी २५ च्या पुढे तर मागच्याची मेहनत पाव ते तिसऱ्या हिश्श्याने वाचते. नवखे लोक चुकतात ते पहिल्या दहा किलोमीटरांत. सगळे ताजे असतात, वेग चढतो, आणि चाळिसाव्या किलोमीटरला मांड्या दगड होतात. उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा. १८ ते २० वेळा आला तर ठीक. १३-१४ वरच अडकत असेल तर गिअर जड आहे, हलका करा. जड गिअर आणि खाली ठेवलेली सीट यांनीच बहुतेकांचे गुडघे दुखतात. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, कंबर मात्र एका बाजूला झुकता कामा नये. चालवताना चवडा पायडलवर आला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो.

प्रश्न : गटात चालवताना माझं पुढचं चाक पुढच्या माणसाच्या मागच्या चाकाला घासलं. मी धाडकन पडलो, त्याला कळलंसुद्धा नाही. चूक कोणाची?
— बँक कर्मचारी, वरुड

गटातला नियम कडक आहे : अंतर राखायची जबाबदारी मागच्याची. त्यामागचं कारणही समजून घ्या. सायकल उभी राहते ती पुढच्या चाकाच्या बारीक बारीक वळण्याने. आपण सरळ चाललो असं वाटतं तेव्हाही हँडल सतत थोडं डावी-उजवीकडे होऊन तोल सावरत असतं. पुढचं चाक बाजूने अडलं की ते सावरणं बंद पडतं, आणि माणूस त्याच बाजूला आडवा होतो. पुढच्याचं मागचं चाक वळत नाही, म्हणून त्याला फक्त हलका धक्का जाणवतो.

म्हणून पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आपलं पुढचं चाक कधीही नेऊ नका. पहिले दोन महिने पूर्ण एक सायकलभर अंतर ठेवा. अनुभवी लोक हातभर अंतरावर चालवतात, ते बघून घाई करू नका. नजर त्याच्या चाकावर खिळवायची नाही, त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघायचा. तरीही घासलंच, तर हँडल झटक्याने बाहेर ओढू नका. पायडल थांबवा, अंग सैल ठेवा आणि हळूच मागे या.

आता पुढच्याची बाजू. त्याच्याही तीन चुका असू शकतात. न सांगता ब्रेक मारणं ही पहिली. खड्डा दिसताच झटकन वळणं ही दुसरी; मागच्यांना तो खड्डा दिसलेलाच नसतो. तिसरी कोणाच्या ध्यानात येत नाही : चढावर सीटवरून उठताना सायकल क्षणभर मागे येते, चांगली फूटभर. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्या गटांत हे हमखास घडतं. उठण्याआधी ‘उठतोय’ म्हणा आणि उठताना पायडलवरचा जोर तुटू देऊ नका.

हाक हाताच्या इशाऱ्यापेक्षा आधी. ब्रेक धरायचा असताना हात सोडता येत नाही. ‘खड्डा’, ‘मागून गाडी’, ‘समोरून गाडी’, ‘हळू’, ‘थांबतोय’, ‘कुत्रं’ एवढे शब्द पुरतात. पुढच्याने म्हटलेलं प्रत्येकाने मागे पोचवायचं. बाराजणांच्या रांगेत पहिल्याची हाक शेवटपर्यंत पोचत नाही.

दोन पदरी राज्यमार्गावर एकाच ओळीत चाला. दहापेक्षा जास्त लोक असतील तर दोन तुकड्या करा आणि मध्ये शंभर मीटर मोकळे सोडा, म्हणजे ओलांडणाऱ्या ट्रकला मध्ये शिरायला जागा राहते. पुढे चालणाऱ्याची पाळी चालत्या रस्त्यावर बदलू नका, थांब्यावर बदला.

आपल्याकडच्या रस्त्यांच्या तीन गोष्टी वेगळ्या लिहाव्या लागतात. नव्या सिमेंट रस्त्याची कड आणि बाजूचा मुरूम यांत बऱ्याच ठिकाणी वितभर पायरी असते. गाडीला जागा देताना खाली उतरलात तर तिरकं तिरकं वर चढायचा प्रयत्न करू नका. चाक कडेला घासत जातं आणि माणूस थेट रस्त्याच्या मध्ये पडतो. थांबा, सायकल उचलून वर घ्या. दुसरं, सोयाबीनच्या दिवसांत रस्त्यावर पसरलेलं कुटार कोरडं असलं तरी निसरडं असतं. त्यावर ब्रेकही नको आणि वळणही नको. तिसरं, कापसाची ट्रॉली. गाठोडी ट्रॉलीच्या बाहेर दोन-दोन फूट आलेली असतात, चालकाला मागचं काही दिसत नाही. तिच्या आडोशाने चालवायचा मोह टाळा. पहाटेच्या अंधारात बिनदिव्याची बंडी ही तर नेहमीचीच.

प्रश्न : माझ्याकडे बाबांची काळी, बिनगिअरची सायकल आहे. क्लबच्या लोकांच्या सायकली महाग आहेत. मला घेतील का? आणि सायकलीचं काय काय करून घ्यावं लागेल?
— अकरावीचा विद्यार्थी, पुलगावजवळचं गाव

सायकलीच्या किमतीवरून नाही म्हणणाऱ्या क्लबात तू जाऊच नकोस. आधी हिशेब करून बघ. पुढच्या चेनव्हीलचे दात मोज आणि मागच्या फ्रीव्हीलचे मोज. पुढे ४४ आणि मागे १८ असतील, आणि टायर २८ × १ १/२ असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. मिनिटाला ७० फेरे मारलेस तर वेग ताशी २३ होतो. म्हणजे सपाट रस्त्यावर १८-२० च्या गटासोबत तू आरामात चालशील. चढावर दमछाक होईल. मागे २० दातांचं फ्रीव्हील बसवलंस तर त्याच फेऱ्यांत वेग २१ च्या आसपास येईल, पण चढ बराच हलका होईल. हे फ्रीव्हील तालुक्याच्या दुकानात मिळतं आणि बसवायला अर्धा तास लागतो. चेन एखादी कडी लांब करावी लागू शकते.

दुकानात नेशील तेव्हा याच क्रमाने सांग. ब्रेकचे रबर चारही बदल. रॉड ब्रेक असेल तर दांड्यांचे सांधे ढिले झालेले असतात, ते कसून घे. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक जवळजवळ धरतच नाही, म्हणून दवाच्या किंवा पावसाच्या दिवशी गटात सगळ्यांत मागे चाल. त्यानंतर क्रँकची (पायडलच्या दांड्याची) कॉटर पिन; ती दांडा मधल्या ॲक्सलला पक्का धरते. पायडल मारताना प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘कट’ असा आवाज आला तर ती झिजली आहे. नुसती ठोकून चालत नाही, बदलावी लागते. दोन्ही चाकांचे आणि मधल्या ॲक्सलचे छर्रे काढून, रॉकेलने धुऊन, नवीन ग्रीस भरून घे. हँडलखालच्या कपातले छर्रेही बघायला सांग. ते कोणी बघत नाही, आणि तेच बिघडले की हात सोडून चालवताना सायकल एका बाजूला ओढते. चाकांचं आऊट, म्हणजे फिरताना होणारी डुगडुग, काढून घे. चेन मधोमध वर-खाली अर्धा इंच हलली पाहिजे. त्याहून सैल असेल तर खड्ड्यात उतरते, ताठ असेल तर पायडल जड जातं.

पहिल्या पगाराची वाट न बघता फक्त एक वस्तू विकत घे : हेल्मेट. भुवयांच्या वर दोन बोटं, हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट जाईल एवढीच जागा, आणि दोन्ही पट्टे कानाखाली एकत्र येतील असं बसव. पडल्यावर आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरत नाहीत, बाहेरून धड दिसलं तरी. आतला थर्माकोल एकदाच दबण्यासाठी असतो.

प्रश्न : दर दुसऱ्या राईडला पंक्चर. गट माझ्यासाठी थांबून कंटाळला आहे. टायर नवीन आहे.
— शेतकरी, मेहकर

टायर नवीन असूनही पंक्चर होतं त्याची आपल्याकडे तीन कारणं. बाभळीचा काटा लांब आणि सरळ असतो, तो नव्या टायरमधूनही जातो. सराटा छोटा, पण एका वेळी चार-पाच भोकं पाडतो, म्हणून एक ठिगळ लावूनही हवा जात राहते. आणि कमी हवा. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटून शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. भोकं बघितलीत की कारण कळतं : एक बारीक भोक म्हणजे काटा, जोडीने दोन चिरा म्हणजे कमी हवा.

हवा किती हे टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं. कमाल आकडा ओलांडू नका. साधारण अंदाज असा : २६ × १.९५ च्या जाड टायरला ४० ते ४५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), ७०० × ३२ ला ६५ ते ७५, ७०० × २५ ला ८५ ते ९५. ज्याचं वजन ऐंशी किलोच्या वर, त्याने यातला वरचा आकडा धरावा. दर राईडच्या आदल्या रात्रीच हवा भरा, सकाळी नाही. रात्री भरलेली हवा सकाळी कमी झालेली दिसली तर काटा आत आहे हे घरीच कळतं.

गावच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने भरताना पाइप एकेक सेकंदच दाबा. तो ट्रॅक्टर-ट्रकसाठी लावलेला असतो. बारीक टायर फुटून रिमवरून उतरू शकतो.

आता रस्त्यावरचं काम. गटाला खरा वेळ लागतो तो इथे. गटाने पंक्चर काढत बसायचं नाही, ट्यूब बदलायची. ठिगळ घरी किंवा चहाच्या थांब्यावर. प्रत्येकाकडे स्वतःच्या मापाच्या दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायच्या पट्ट्या), पंप आणि चाकाला नट असेल तर १५ चा पाना असलाच पाहिजे. दुसऱ्याची ट्यूब बहुतेक वेळा बसत नाही, माप वेगळं असतं किंवा व्हॉल्व्ह वेगळा.

मागचं चाक काढण्याआधी चेन मागच्या सगळ्यांत लहान चक्रीवर आणा. ट्यूब काढली की तिला थोडी हवा भरा, भोक शोधा, आणि व्हॉल्व्हपासून भोक किती अंतरावर आहे ते टायरवर जुळवून बघा; काटा तिथेच अडकलेला असतो. टायरच्या आतून बोट फिरवू नका. खिशात कापसाचा बोळा ठेवा आणि तो आतून पूर्ण गोल फिरवा. काटा कितीही बारीक असला तरी कापूस त्याला अडकतो. आपल्याकडे कापसाची कमी नाही. काटा बाहेरून दिसत नसेल तर आतून नखाने ढकलून बाहेर काढा. हे न करता नवी ट्यूब घातली की दोन किलोमीटरवर पुन्हा पंक्चर, आणि तुमच्या बाबतीत हेच होत असावं असा आमचा अंदाज आहे.

नवी ट्यूब घालण्याआधी तिला फुंकरभर हवा द्या, म्हणजे ती चिमटत नाही. टायरचा शेवटचा भाग अंगठ्यांनी चढवा. तिथे लिव्हर वापरली तर नवी ट्यूबच चिरते. पूर्ण हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी चाकभर बघा, ट्यूब कुठे डोकावत नाही ना.

ठिगळ लावताना लोक दोन ठिकाणी घाई करतात. काचकागदाने घासल्यावर सोल्युशनचा पातळ थर लावून तीन ते पाच मिनिटं थांबावं लागतं. ओलं असताना ठिगळ दाबलं की ते सुटतं. आणि सोल्युशनची उघडलेली ट्यूब काही महिन्यांत आतल्या आत वाळते, तेव्हा राईडला जाण्याआधी दाबून बघा. जाड टायरच्या, मोटरसायकलसारखा व्हॉल्व्ह असलेल्या ट्यूबमध्ये ८० ते १०० मिली सीलंट टाकलं तर सराट्याची भोकं बऱ्याच अंशी बुजतात. दोन चिरांना त्याचा उपयोग नाही.

धुऱ्यावरून किंवा पांदण रस्त्याने घरी येत असाल तर शेवटचे पाचशे मीटर सायकल खांद्यावर घ्या. कुंपणाच्या काट्या तोडून टाकलेल्या ठिकाणी चाक टेकवलं की संपलं. काळ्या मातीत पाऊस पडलेला असेल तर चिखल मडगार्ड आणि ब्रेकमध्ये भरून चाकच फिरत नाही; त्या दिवशी डांबरी रस्ता सोडू नका.

प्रश्न : मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. क्लब पहाटे साडेपाचला निघतो, तेव्हा अंधार असतो आणि गटात एकही बाई नाही. शिवाय २५ किलोमीटरनंतर बसायला फार त्रास होतो. काय करू?
— परिचारिका, चिखली

ताई, डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य पावणेसात ते सातच्या सुमारास उगवतो. साडेपाचला निघणं म्हणजे सव्वा तास अंधारात चालवणं. क्लबला थंडीपुरती वेळ सव्वासहा करायला सांगा. यात पुरुषांचंही भलं आहे. जमायची जागा उजेडाची, माणसांची असावी : बसस्थानक, पेट्रोल पंप, दवाखान्याचं गेट. घरापासून तिथपर्यंत एकटीने अंधारात यावं लागत असेल तर वाटेवरच्या एखाद्या सदस्याने तुमच्या घरावरून यायचं, हे क्लबने ठरवून द्यायला हवं. ही कोणाची मेहेरबानी नाही, क्लब चालवण्याचाच तो भाग आहे. आपल्यासोबत आणखी एक बाई आणता आली तर आणा; दोघी आल्या की तिसरी येते.

दिवा पुढे पांढरा, ३०० ल्युमेनच्या पुढचा, आणि थोडा खाली झुकवलेला. मागे लाल. अंधारात लाल दिवा सतत पेटता ठेवा, लुकलुकत्या दिव्यामागे चालणाऱ्याला अंतराचा अंदाज येत नाही.

बसायच्या त्रासाची कारणं अनेकदा दोन. सीटचं टोक वर उचललेलं असतं, ते जमिनीला समांतर किंवा किंचित खाली करा. आणि सीट फार रुंद, फार मऊ असते. मऊ सीटमध्ये हाडं रुततात आणि दाब भलत्या जागी येतो. पॅड असलेली सायकलची शॉर्ट्स सलवार किंवा ट्रॅकपँटच्या आत घाला, तिच्याखाली दुसरे अंतर्वस्त्र नको. शिवण घासूनच जखमा होतात. दर दहा मिनिटांनी काही सेकंद सीटवरून उठा.

ओढणी मात्र नकोच, बांधलेलीही नको. ती मागच्या चाकात गेली तर गळ्याला फास बसतो. सलवारीची उजवी मोहरी चेनमध्ये जाते, तिला रबर बँड लावा. आणि राईडचे थांबे ठरवताना स्वच्छतागृह असलेला पेट्रोल पंप त्यात आहे का, हे आधीच विचारा. बायकांना पाणी कमी पिऊन राईड करावी लागते ती याच कारणाने, आणि दुपारची डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

प्रश्न : आमचा गट ताडोब्याच्या बफरमधून मोहर्लीकडे पहाटेची राईड ठरवतो आहे. दहाजण आहोत, काही भीती नाही ना?
— दुकानदार, भद्रावती

आहे. वाघ, बिबट आणि अस्वल पहाटे व संध्याकाळी रस्त्यावर असतात, आणि सायकलचा आवाज येत नाही. मोटरसायकलच्या आवाजाने बाजूला होणारं जनावर सायकल अगदी जवळ येईपर्यंत हलत नाही. दहाजण रांगेत असले तरी शेवटचा माणूस शेवटी एकटाच असतो. सूर्य उगवून चांगला तास झाल्यावरच जंगलाच्या रस्त्याला लागा, दुपारी चारच्या आत बाहेर या, आणि त्या आठवड्यात त्या पट्ट्यात वाघाचा वावर आहे का हे वनविभागाच्या नाक्यावर विचारा. नाही म्हणाले तर वाद न घालता परत फिरा. जंगल नसलेल्या भागातही पहाटे रोही आणि रानडुक्कर आडवे येतात. एक गेला की लगेच वेग वाढवू नका, मागून दुसरा येतो.

प्रश्न : आमच्या तालुक्यात क्लब नाही. आम्ही तिघं रोज चालवतो. क्लब काढायचा तर नोंदणी करावी लागते का? सुरुवात कशी करायची?
— औषध दुकानदार, रिसोड

नोंदणीने सुरुवात करू नका. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात, घटना लागते, दरवर्षीचे हिशेब लागतात. देणग्या घ्यायच्या किंवा मोठा कार्यक्रम करायचा असेल तेव्हा त्याचा विचार करा. आधी सहा महिने सलग दर रविवारी राईड काढून दाखवा. दिवस तोच, वेळ तीच, जागा तीच. दोघं आले तरी निघायचं. क्लब मोडतात ते बहुधा ‘या रविवारी कोण कोण येणार’ या चर्चेत.

मार्ग २५-३० किलोमीटरचा, आणि जाऊन त्याच रस्त्याने परत येणारा ठेवा. गोल मार्गावर कोणी दमला तर अर्ध्यातून फिरता येत नाही. समृद्धी महामार्गावर सायकलच काय, मोटरसायकललाही परवानगी नाही; खालच्या पुलांतून जाणारे गावरस्ते वापरा. मार्ग ठरवला की तिघांपैकी एकाने आदल्या दिवशी गाडीने बघून यायचं. रस्ता खोदून ठेवलेला असतो आणि कोणी सांगत नाही.

पुढे एक, मागे एक, हे दोघं आधी ठरलेले. पुढच्याकडे वेगाची जबाबदारी : नव्या माणसाला बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग. मागच्याकडे ट्यूब, पंप, चेन तोडायचं हत्यार आणि प्रथमोपचाराची पिशवी. तिच्यात निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, सलाईनची छोटी बाटली, ओआरएसच्या चार पुड्या. तुमचंच दुकान आहे, तेव्हा हे सोपं जाईल. प्रत्येकाच्या खिशात कागदाचा तुकडा : नाव, रक्तगट, घरच्यांचा नंबर, मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या. मोबाइलला कुलूप असतं, तो बेशुद्ध माणसाच्या उपयोगाचा नाही. अपघातात रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. पडलेल्या माणसाने मान दुखते म्हटलं तर त्याला उठवू नका, हेल्मेट काढू नका. एकाने डोकं धरून बसायचं आणि दोघांनी वाहतूक थांबवायची.

१८ वर्षांखालचं कोणी येत असेल तर पालकांची लेखी परवानगी आणि सोबत एक नेमलेला मोठा माणूस हवाच. व्हॉट्सॲप ग्रुपवर राईडशिवाय काही टाकायचं नाही हा नियम पहिल्या दिवशी करा. सुप्रभातच्या चित्रांत रविवारची वेळ हरवते.

मार्चपासून निघायची वेळ हळूहळू लवकरची करत न्या. एप्रिल-मेमध्ये आठच्या आत सगळे घरी असले पाहिजेत. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, आणि नुसतं पाणी नाही. ओआरएसची एक मोठी पुडी एक लिटरमध्ये, अर्धी पुडी अर्ध्यात असा अंदाज चालत नाही. पुडी नसेल तर एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंग तापलं आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात, मग घाम येत असो वा नसो. सावलीत आडवा करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने पाणी देऊ नका.

प्रश्न : नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतली आरपार शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून लांब अंतराची ओढ आहे. क्लबसोबत ८० किलोमीटर सहज होतात. आता २०० ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) करायची आहे. काय लक्षात ठेवू?
— अभियंता, हिंगणघाट

आधी ८० वरून १२०, मग १५०, असे दोन टप्पे तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने करा. बीआरएम ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नसतो; ठरलेल्या वेळेत संपवणारे सगळे सारखे. २०० ला १३.५ तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. थांबे, पंक्चर, जेवण सगळं त्यातच. एका हंगामात ही चारही अंतरं केली की ‘सुपर रँडोनर’ म्हणतात. भारतात हे ऑडॅक्स इंडिया रँडोनर्समार्फत चालतं. तुम्हाला जवळ म्हणजे नागपूर आणि अमरावती. नाव आधी ऑनलाइन नोंदवावं लागतं, सकाळी जाऊन चालत नाही.

वेळेचा हिशेब करा. पायडल मारताना २० चा वेग राहिला तर दहा तास चालवणं आणि साडेतीन तास हातात. भरपूर वाटतात. पण वाटेत राईडच्या कार्डावर शिक्का घ्यायच्या चौक्या असतात, त्यांनाही बंद व्हायची वेळ असते, ती ताशी १५ च्या वेगाने काढतात. सकाळी सहाला निघालात तर शंभराव्या किलोमीटरची चौकी १२.४० ला बंद. वेळ चढात जात नाही, ढाब्यावर जातो. चार थांब्यांवर प्रत्येकी अर्धा तास म्हणजे दोन तास गेले. थांबा १५ मिनिटांचा ठेवा : आधी कार्डावर शिक्का, मग पाणी, मग खाणं, आणि बसल्या बसल्या मोबाइल नाही.

खाणं भूक लागायच्या आधी. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत. एका केळात सुमारे २५ ग्रॅम असतात. केळ, शेंगदाण्याची चिक्की, गूळ-पोळी, संत्रं हे रस्त्यावर चालतं. तर्री पोहे आणि दालभाजी परत आल्यावर. तिखट आणि तेल पोटात घेऊन दुपारच्या उन्हात शंभर किलोमीटर निघत नाहीत.

हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि परावर्तक जॅकेट तपासूनच सोडतात. दिव्यासोबत पॉवर बँक घ्या. मदतीची गाडी रस्त्यात सोबत चालत नाही, घरच्यांना भेटायचं असेल तर चौकीवरच. नवी सीट, नवे बूट, नवी चड्डी त्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका. महिनाभर आधी चेन मोजा : २४ कड्यांची लांबी पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत नवी असताना ३०४.८ मिलिमीटर असते. ३०६.५ च्या वर गेली असेल तर आताच बदला, नाहीतर झिजलेली चेन मागचे दातही खाते आणि जोर दिला की घसरते.

कार्ड पावसात आणि घामात भिजतं, झिपच्या पिशवीत ठेवा. कार्ड हरवलं तर अंतर झालेलं असूनही धरत नाहीत. आणि परतीचा बंदोबस्त आधी करा. तेरा तास सायकल चालवून रात्री स्वतः गाडी चालवत हिंगणघाट गाठायचं नाही. चालवणारं कोणी सोबत आणा, नाहीतर तिथेच चार-पाच तास झोपून सकाळी निघा.